परत केलेली जवारी

दिवाळी सरली की आमच्या गावात म्हातारी माणसं आन कुत्री एवढीच उरतात. बाकी सगळा गाव मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसून ऊस तोडायला जातो, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात, ते पाडव्याच्या पुढंमागं माघारी येतो. म्या आन मालकानं बी लई वरसं कोयता धरला. मग एका सीझनला मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना मालक उताणे पडले, कमरेचा मणका गेला आन आमचं जाणं कायमचं बंद झालं. गावात राहिलो तवा डोळ्यानं बघितलं, मागं राहिलेली म्हातारी काय खातात ते. सकाळी च्या, दुपारी च्या, सांजच्याला राशनचा भात मीठ लावून. ज्याला चुलीपुढं वाकता येत न्हाय, त्यानं भाकरी कशी थापायची?

तिथनं आमची पंगत सुरू झाली. दुपारी एकदाच, आमच्या दारापुढल्या पत्र्याच्या सपरात. मालक बसल्या जागी लाकडं फोडायचे, म्या आन गल्लीतल्या दोघी-तिघी भाकरी थापायचो. धान्याचं कुणी बसून ठरवलं न्हाय, ते आपसूक पडत गेलं. ऊसाला निघायच्या आदल्या दिवशी, ज्या घरचं म्हातारं मागं राहणार त्या घरानं आमच्या ओसरीवर जवारी आणून द्यायची. कुणी पोतं, कुणी चार पायल्या, जशी ज्याची ऐपत. ती सगळी एकाच कोठीत पडायची. कुणाची किती हे म्या कधी बघितलं न्हाय आन कुणी इचारलं बी न्हाय.

पर म्हाताऱ्यांचा तोरा काय सांगावा. आमच्या मागल्या घरातली हरणाबाई सत्तरी ओलांडलेली, पोरगा वैजनाथ आन सून दोघं कोयत्यावर. ही बया ताटावर बसली की पहिला घास मोडायच्या आधी भाकरी उलटी करून बघणार. "सारजा, माझी जवारी चांगली टपोरी व्हती. तुझ्या हातानं तिचं असं काय केलंस?" म्हणणार. मला असा राग यायचा. सकाळपासनं तव्यापुढं भाजून निघायचं आन वर हिची बोलणी खायची. तरी म्या तिला दुसरी भाकरी वाढायचे, आन ती ती बी उलटी करून बघायची.

जवारीचं असं भागायचं. डाळ, तेल, तिखट-मीठ आन दळणासाठी मात्र हात पसरायला लागायचा. तिथं माझं डोकं फिरायचं, अजून बी फिरतं. ईट गावच्या बाजारात किराणावाल्याकडं गेलं की तो म्हणायचा, काकू, पुण्याचं काम करताव तुमी. पुण्याचं म्हणायचा आन तेलाच्या डब्याचा भाव रुपायानं बी कमी करायचा न्हाय. एका पुढाऱ्यानं मदत म्हणून केवढा तरी मोठा बॅनर पाठवला, त्यावर त्याचाच फोटो. आमी तो सपराला झडप म्हणून बांधला, तेवढाच त्याचा उपेग. कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की जिलबी यायची. दात नसलेल्या माणसांना जिलबी, आन अर्ध्यांना साखर. आमच्याच पारावर सप्त्याची वर्गणी मागायला बसले की लोक नोटा घेऊन रांग लावायचे, कारण भोंग्यावर नाव घेतात. म्या म्हणलं, आमी बी भोंगा लावतो, म्हाताऱ्यांच्या डाळीसाठी नावं घेतो. तर सप्त्याचे लोक हसले. म्हणले, "काकू, देवाचं येगळं आन हे येगळं." कसं येगळं, ते काय कुणी सांगितलं न्हाय.

मागल्या साली नवरात्राच्या तोंडाला जे पाणी आलं, त्यानं सगळंच बुडवलं. सोयाबीन उभं कुजलं. नदीकाठच्या घरात कमरेइतकं पाणी, कोठ्यांतली जवारी भिजून आंबली. आमच्या दोन एकरातली वरची माती धुऊन गेली, खाली नुसता मुरूम राहिला. मालक कुबडीवर बांधापर्यंत गेले, बघून आले आन बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. म्या ओल्या जवारीला पत्र्यावर वाळवायला टाकत व्हते आन मनात एकच, यंदा ऊसाला जाणारे ओसरीवर काय आणून देणार, आन पंगत पाडव्यापर्यंत कशी रेटायची.

अशा टायमाला कृष्णराज आला. हा आमच्याच भावकीतला, तालुक्याला, भूमला, झेरॉक्सचं दुकान टाकून बसलेला. त्याच्या नावानं एक क्रीडा मंडळ नोंदलेलं हाय. त्या मंडळानं आजवर एक चेंडू घेतलेला कुणी बघितला न्हाय, पर कागद पक्के. तो म्हणाला, काकू, तुमच्या पंगतीला कागद न्हाईत म्हणून तुमाला कुणी इचारत न्हाय. माझ्याकडं कागद हायेत, काम न्हाय. दोन्ही जोडू. पूर आलाय म्हणून कंपन्या पैसा घेऊन फिरायलेत, पुण्याच्या एका कंपनीची म्याडम पुढल्या हप्त्यात येणार हाय. मालक म्हणले, बघ बाबा, आमाला त्यातलं कळत न्हाय. मला मात्र बरं वाटलं. कुणी तरी आपल्या दारी येऊन देतो म्हणतंय, हे पहिल्यांदाच व्हत व्हतं.

म्याडमचं नाव अर्पिता. पोरगी वाईट नव्हती, उगंच कशाला नावं ठेवू. चिखलात चप्पल हातात घेऊन आली, सपरात मांडी घालून बसली, भाकरी-पिठलं खाल्लं. फकस्त मला सारखी आजी-आजी म्हणत व्हती, तेवढं खटकलं. तिनं पुष्कळ इचारलं. किती जण जेवतात, किती वरसं झाली, हिशोब तपासलेला हाय का. त्याची उत्तरं कृष्णराज देत व्हता. मग तिनं इचारलं, धान्य कुठनं येतं? म्या सरळ सांगितलं, ज्याचं त्याचं. ऊसाला जाणारे ठेवून जातात.

तिचं पेन थांबलं. म्हणाली, "म्हणजे जे जेवतात त्यांच्याकडूनच घेता? मग आजी, अडचण आहे. लाभार्थ्यांकडून काही घेतलं तर ते आमच्या नियमात बसत नाही."

कृष्णराजानं लगेच सारवासारव केली. ते आधी व्हतं, आता बंद, यंदापासून काय बी घेणार न्हाय. म्याडम गेल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन बजावलं, एक दाणा बी घेऊ नका, कंपनीचा माणूस अचानक येऊन बघतो, एका पायलीपायी सगळं जाईल. जवारी, डाळ, तेल, सगळंच येणार हाय म्हणाला. स्वैपाकाला बाया लावू, त्यांना पगार देऊ म्हणाला. म्या त्या दिवशी मालकांच्या कमरेला तेल लावताना तेच बोलत व्हते. मालक म्हणले, आधी हातात पडू दे. म्या त्यांच्यावरच खेकसले. तुमचं कायम उलटंच, म्हणलं.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर आले, गल्लीगल्लीत हॉर्न वाजायला लागले. आदल्या दिवशी सकाळीच वैजनाथ डोक्यावर पोतं घेऊन ओसरीवर हजर. मागनं त्याची बायको, त्यांच्या मागं काठी टेकत हरणाबाई. पुरातनं वाचलेली जवारी, तीन डाव वाळवून, पाखडून, निवडून आणलेली. पोत्याच्या तोंडाला हरणाबाईनं हातानं शिवण घातलेली.

म्या म्हणलं, "वैजनाथा, यंदा नको. घेऊन जा माघारी. आता कंपनी देणार हाय."

तो पोतं डोक्यावर घेऊनच उभा राहिला. म्हणाला, काकू, दर साली देतो की. म्या म्हणलं, यंदा पुरानं तुमचं बी वाटोळं झालंय, तुमालाच पोटाला ठेवा. खोटं कशाला बोलू, मला ते म्हणताना लई थोर वाटत व्हतं. पाठीमागनं अजून दोघं-तिघं पोती घेऊन येत व्हते, त्यांना बी म्या दारातनंच हात हलवून परत लावलं. आयुष्यभर मागत फिरलेली बाई म्या. तर त्या दिवशी नको म्हणायची चैन करून घेतली.

हरणाबाईनं एवढंच इचारलं, "कंपनीची जवारी कसली असती गं?" म्या म्हणलं, असंल चांगलीच. वैजनाथ वळला. बारक्या गल्लीतनं भरलं पोतं माघारी नेताना माणसं बाजूला सरत व्हती आन इचारत व्हती, काय रे, घेतलं न्हाय का? तो कुणाला काय बोलला ते मला ऐकू आलं न्हाय.

गाव रिकामा झाला. कंपनीचं काय येईना. कृष्णराजाला फोन केला की म्हणायचा, फाईल वर हाय. मग म्हणायचा, ऐंशी जीचं, त्या कर-सवलतीचं सर्टिफिकेट मागितलंय. मग तीन सालाचं ऑडिट मागितलंय. मग म्हणायचा, मार्च जवळ आला की सुटतं, त्यांना बी पैसा खपवायचा असतो. म्या म्हणलं, मार्चमधी तर लोक माघारी यायला लागतात रे, मग कुणाला खाऊ घालू? तो म्हणाला, काकू, तुमाला प्रोसेस समजत न्हाय. समजत न्हाय बाबा मला. मला एवढंच समजतं की दुपारी बारा वाजता माणसाला भूक लागती.

आमच्या घरची जवारी म्या पंगतीला लावली. मालक स्वतः एक भाकरी कमी खायला लागले. म्या सकाळी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे, अकराला येऊन तवा ठेवायचे. हाताला घट्टे पडलेलेच व्हते, त्यावर पुन्यांदा फोड आले. डाळ पातळ झाली. किराणावाल्यानं उधारी बंद केली, वर म्हणतो कसा, आता तर तुमाला कंपनी मिळाली की. जो तो हेच म्हणायला लागला. दर साली दिवाळी झाली की एक डबा तेल देणारी मास्तरीणबाई, तिनं बी यंदा दिला न्हाय, म्हणाली, आता माझ्या डब्याची काय गरज. यायच्या आधीच कंपनी सगळ्या गावाला पावली व्हती, आमी सोडून.

आन पंगतीत माणसं घटायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं, थंडी हाय, बाहेर निघवत नसंल. जे येत व्हते ते बी गुपचूप खायचे. कुणी भाकरीला नाव ठेवंना, कुणी दुसरी मागंना. ताट उचलताना माझ्याकडं बघंनात. हरणाबाई तर पहिल्या आठवड्यातच बंद झाली. इचारलं की म्हणायची, पोट जड हाय.

एक दिवस म्या ताट झाकून तिच्या घरी गेले. ती दाराच्या उंबऱ्यात उन्हाला बसली व्हती. पुढं पातेल्यात राशनचा भात, गार, गोळा झालेला. बोटानं मीठ कालवत व्हती. गालफडं आत गेलेली, हाताची कातडी ढिल्ली पडलेली. म्या ताट पुढं ठेवलं. तिनं ते माझ्याकडं सरकवलं. म्या पुन्यांदा सरकवलं, म्हणलं, हरणामाय, काय झालंय तुमाला, का येत न्हाईत?

"इतके दिस म्या माझी जवारी खाल्ली," ती म्हणाली. "आता कुणाची खाऊ?"

म्या म्हणलं, माझ्या घरची हाय, खावा. तर म्हणाली, तुझ्या घरची खायला मी तुझी कोण? म्या म्हणलं, वैजनाथ पुढल्या साली देईल, उसनी समजा. तर म्हणाली, पुढलं साल बघायला मी असीन का, मग ते उसनं कुणी फेडायचं? माझा संताप संताप झाला. म्या तिला तोंडाला येईल ते बोलले. म्हातारपणी एवढा ताठा बरा न्हाय, उपाशी मेलीस तर गाव मला नावं ठेवंल, असलं काय बाय. ती भातात मीठ कालवत राहिली. म्या ताट तिथंच ठेवून आले. सांजच्याला ते धुऊन, पुसून माझ्या ओसरीवर ठेवलेलं व्हतं, आन वर फडक्यात भाकरी जशीच्या तशी.

तवा म्या वैजनाथाला फोन लावला. लाज सोडून म्हणलं, बाबा, चुकलं माझं, ती जवारी धाड, तुझी माय जेवंना. मागं कोयत्याचा आन ट्रॅक्टरचा आवाज येत व्हता. तो वाकडं बोलला न्हाय. म्हणाला, काकू, ती इथं फडाकडच्या झोपडीत, कोपीवर आणली, निम्मी खाल्ली, निम्मी इकली. पोतं घरात ठेवलं असतं तर मायला तसंच कच्चं चावत बसावं लागलं असतं, तिला आता वाकून भाकरी थापता थोडंच येतं? मग म्हणाला, "तुमीच न्हाय म्हणलात. समद्या गल्लीनं बघितलं." म्या फोन ठेवला.

संक्रांतीच्या नंतर एक दिवस कृष्णराजाचा फोन आला, तो नाचतच व्हता. मंजूर झालं, उद्या टेम्पो येतोय, सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा करून ठेवा, कार्यक्रम हाय. म्या दारोदार फिरले. पाया पडले म्हणलं तरी चालंल. हरणाबाईला म्हणलं, माय, एवढा एक दिवस चला, उद्यापासून सगळं नीट व्हतंय. ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तुझ्यासाठी येते."

टेम्पो आला. त्यातनं निघाली स्टीलची टेबलं. खुर्च्या. पाणी गाळायचं यंत्र, ज्याला वीज लागती आन आमच्या सपरात वीज न्हाय. ताटांची खोकी, प्रत्येक ताटावर कंपनीचं नाव कोरलेलं. एक नवा बॅनर. म्या टेम्पोच्या मागं जाऊन आत वाकून बघितलं. पोती कुठंच नव्हती. म्या म्हणलं, मागनं दुसरा टेम्पो येतोय का? कृष्णराज दुसरीकडं बघायला लागला.

टेम्पोबरोबर आलेल्या म्याडमनंच सांगितलं, बिचारी हळूच बोलली. म्हणाली, आजी, आमच्याकडं वस्तूंना पैसा मिळतो. रोजचं धान्य, तेल, मजुरी, हा चालू खर्च धरत नाहीत. तो लोकसहभागातून करायचा असतो, गाव मिळून करतं ना?

म्या म्हणलं, "लोकसहभाग माझ्या ओसरीवर आलता. तुमच्या नियमापायी म्या तो परत लावला."

ती म्हणाली, जेवणाऱ्यांच्या घरून नको, बाकीच्या गावाकडून चालतं. म्या म्हणलं, म्याडम, बाकीचा गाव कुठला? ज्याच्या घरात म्हातारं न्हाय असं घर दाखवा मला. चूक तिची बी नव्हती, तिला वरून जे सांगितलं ते ती सांगत व्हती. पर मग चूक कुणाची? मला त्या दिवशी कुणाचा तरी गळा धरायचा व्हता आन धरायला कुणीच सापडंना. मालक कुबडी टेकून एका टेबलाला हात लावून बघत व्हते, जड हाय म्हणले.

फोटो काढायचा ठरलं. नुसती टेबलं बरी दिसत न्हाईत, ताटात काय तरी वाढा, कृष्णराज म्हणाला. म्या घरात गेले, कोठीच्या तळातलं पीठ झाडून भाकरी केल्या. म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवलं. आयुष्य जमिनीवर बसून जेवलेली माणसं, पाय अधांतरी लोंबकळायलेत, काठी कुठं ठेवावी कळंना, कुणाचं धोतर खुर्चीला अडकलेलं. हरणाबाईला पहिल्या ओळीत बसवलं, तिचं तोंड फोटोत चांगलं येतं म्हणून. तिच्यापुढं ताट, ताटात गरम भाकरी. सगळ्यांनी घास उचला, इकडं बघा, असं चाललं व्हतं. तिनं भाकरी उलटी करून बघितली न्हाय. सांगितलं तसा हात भाकरीवर ठेवला आन समोर बघत राहिली.

फोटो झाला तशी ती खुर्चीवरनं घसरत खाली उतरली. भाकरी उचलून माझ्या टोपल्यात ठेवली, ताट पदरानं पुसलं. मला म्हणाली, "झालं न्हवं? जाऊ का?"

म्या व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार.

त्याच आठवड्यात मुकादमाची पिकअप गावात आली. एक जोडी कामावरनं पळून गेलती, तिच्या बदल्यात दुसरी न्यायला. म्या खुरपायला निघाले व्हते. पारापाशी गाडी उभी, मागं नवराबायकोची ती नवी जोडी, भांडी, एक शेळी. आन खाली हातात बोचकं घेऊन हरणाबाई.

म्या पळतच गेले. म्हणलं, माय, हे काय करायलाव? कोपीत राहायचं तुमचं वय हाय का, उघड्यावर, या थंडीत? तिनं सांगितलं, वैजनाथाला तिनंच निरोप धाडला व्हता. सून पहाटं फडात जाती, तिची पोरं कोपीत एकटी असतात, ती सांभाळीन. ऊसाचं वाढं बांधून चाऱ्याला इकीन. तिथं पोराच्या मजुरीतलं खाईन. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सोसंना. ती भांडली असती तर म्या बी भांडले असते.

म्या गाडीच्या फळीला हात लावून उभी राहिले. म्हणलं, जाऊ नका, म्या बघते काय तरी. तिनं इचारलं, "काय बघतीस?" घरात ताटं व्हती, टेबलं व्हती. दुसरं काय व्हतं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ऊन व्हायच्या आत टोलनाक्यापुढं जायचंय म्हणाला. हरणाबाईनं बोचकं वर टाकलं, फळीला दोन्ही हात लावले, पाय उचलला. पाय गुडघ्याच्या वर जाईना. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. वरचा माणूस शेळीला धरून बसलेला, त्याला हात देता येईना. ड्रायव्हरनं पुन्यांदा हॉर्न दिला आन म्हणाला, ओ बाई, नुसत्या काय बघताव, हात लावा की म्हातारीला.

म्या खुरपं खाली ठेवलं आन तिला कमरेला धरून वर चढवलं.